दत्ताभाऊंचे पेढे

दवाखान्याच्या बाकावर शेजारचे दत्ताभाऊ पुन्हा दिसले, तोंडाला रुमाल बांधलेले. टीबीचा कोर्स संपला म्हणून गेल्या वर्षी त्यांनी आळीभर पेढे वाटले होते, पहिला स्वतः खाऊन.

सिस्टरने विचारलं, "साखरेच्या गोळ्या चालू आहेत ना?"

"त्याही तेव्हाच बंद केल्या. कोर्स संपला ना."

"टीबीचा संपला, भाऊ. साखर वाढली की टीबी परत यायचा धोका वाढतो."

रक्तातल्या साखरेची खबर छातीत दडलेल्या जंतूला कोण देत असेल? भाऊंनी दोन्ही दुखणी एकच मानली. मी तर त्यांचा एकमेकांशी संबंधच नाही असं धरून चाललो होतो.

"मग साखरेचा कोर्स कधी संपतो?" भाऊंनी विचारलं.

बाकावरचे आम्ही सगळे साखरवाले आपापल्या फायलींत बघू लागलो.