गावात गाजलेली हळद

खारबावच्या अनंताने शेत गोदामवाल्याला विकलं, तेव्हा खिसा गरम होता आणि डोकं ठिकाणावर नव्हतं. थोरल्या विपुलच्या हळदीला पहाटेपर्यंत डीजे वाजला, मटणाच्या पंगतींवर पंगती उठल्या, सारा गाव नाचला. पैसा असा गेला. आता आपल्याच शेतावर उभ्या राहिलेल्या गोदामाच्या फाटकावर अनंता वॉचमनची ड्युटी करतो.

यंदा धाकट्या हेमालीचं सरकारी मेडिकल थोडक्यात हुकलं. खाजगी कॉलेजात जागा होती, पण फी ऐकून अनंता तसाच घरी परतला. शेवटी हेमालीनेच भिवंडीतलं परवडणारं बी.एस्सी. निवडलं. "पुढच्या वर्षी परत परीक्षा देईन," म्हणाली, पण आवाजात जीव नव्हता.

त्याच संध्याकाळी शेजारचा हितेश भावाच्या हळदीचं आमंत्रण घेऊन आला. "अनंताकाका, विपुलसारखी हळद गावात अजून झाली न्हाय!"

एरवी हे ऐकून अनंताची छाती फुगायची. आज त्याने चहाचा भरलेला कप तसाच खाली ठेवला.

"खरंच रे दादा," कप उचलत हेमाली हसली. "मी पन किती नाचलेली!"