पाय धुतलेलं पाणी

बाळांनो, आजी लग्नं किती नीटनेटकी पार पाडते, हे तुम्ही तिकडं मित्रांना कौतुकानं सांगता. ही गोष्ट मात्र मी तुम्हाला सांगितली नव्हती.

दुष्काळाच्या वर्षी चिकलठाण्याच्या एका लॉनवर लग्न होतं, सगळी व्यवस्था माझ्याकडं होती. वऱ्हाडाचे पाय धुऊन झाल्यावर सिल्लोडकडची नवरीची आई परातीतलं पाणी कॅनमध्ये भरू लागली. मुहूर्ताला दहाच मिनिटं उरली होती. मी चिडून परात हिरवळीवर उपडी केली.

"म्हशीला नेत होते, बाई," ती म्हणाली. "आठ दिस झाले, टँकर आला नाय."

तीच पुढं म्हणाली, "चुकलं माझं. चला, तुम्हाला उशीर व्हतोय."

माफी मी मागायला हवी होती. मी घड्याळ बघून म्हणाले, "हो, चला."

मुहूर्त अचूक साधला. नवरदेवाच्या वडिलांनी माझी तारीफ केली आणि मी हसून ती घेतली.