काळ्या झबल्यावरचे डाग

खेडकर काकूंनी झबलं काउंटरवर उलगडलं, गळ्यावरून बोट फिरवलं आणि बोट मध्येच थांबलं.

"ढोबळे, हे कडक काहून लागून राहिलं?"

मी म्हणालो, ताजी प्रेस आहे, अंगात घातलं की मऊ पडेल. गिऱ्हाइकाशी इतकं धडधडीत खोटं मी नोकरीत क्वचितच बोललो असेन. पण दोन पावलांवर सरिता मॅडम उभ्या होत्या. त्यांच्यासमोर चूक कबूल करण्यापेक्षा मी दुकानाला आग लावली असती.

हे प्रकरण रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं तेव्हाचं. चौबे कॉलोनीतल्या एका लॉन्ड्रीत मी स्पॉटर होतो. स्पॉटर म्हणजे डाग काढणारा. कपडा मशीनमध्ये जाण्याआधी तो टेबलावर घ्यायचा, डाग कशाचा ते ओळखायचं आणि त्याला त्याचं औषध द्यायचं. लहान मुलांचे कपडे सगळ्यात वाईट. दुधाच्या डागाला गरम पाणी लावलं की तो पक्का बसतो. हळदीला साबण लावला की ती लाल होते, तिला उन्हात टाकावं लागतं. बारा वर्षं हे काम मी एकटा करत होतो, आणि आपल्यासारखा दुसरा नाही अशी माझी समजूत होती.

राज्य नवीन झालं आणि भोपाळहून साहेब लोकांची कुटुंबंच्या कुटुंबं आली. त्यात सरिता मॅडमही आल्या. नवऱ्याची बदली मंत्रालयात झालेली. भोपाळला त्यांनी लॉन्ड्रीत काम केलं होतं, म्हणून सेठनी त्यांना माझ्याच टेबलावर बसवलं. दोन महिन्यांत कॉलोनीतल्या बायका पोरांचे फ्रॉक घेऊन यायच्या आणि माझ्याकडे बघून विचारायच्या, "वो दीदी नहीं आईं आज?" आल्या नसतील तर कपडे घेऊन परत जायच्या.

मी जळत होतो. उगाच सभ्य शब्द कशाला शोधू? एकदा त्या जेवायला गेल्या असताना मी त्यांची बाटली उघडून हुंगली होती. आत माझ्याच बाटलीतलं औषध होतं, त्यानं तर जास्तच झोंबलं.

त्यातच सेठ शंकरनगरला नवीन ब्रँच काढणार होते आणि तिथं इन्चार्ज म्हणून आम्हा दोघांपैकी एकाला बसवणार होते. संक्रांतीनंतर सांगतो म्हणाले होते.

अशा वेळी तात्यापाऱ्यातल्या खेडकर काकू ते झबलं घेऊन आल्या. काळं रेशमी, जरीच्या काठाचं. त्यांच्या मुलाचं बोरन्हाण यात झालं, मुलीचं झालं, मागच्या वर्षी नातीचं झालं. आता मुलगी नागपूरहून तान्ह्या पोराला घेऊन येणार होती. नातीच्या बोरन्हाणानंतर झबलं तसंच घडी करून पेटीत गेलं होतं. गळ्याशी, दोन्ही बाह्यांवर आणि कमरेला फिकट, निस्तेज डाग पडले होते.

काकू माझ्याकडेच आल्या, मराठी माणूस म्हणून. मला फार बरं वाटलं. मी विचारलं, पोरीनं खाल्लं काय होतं? काकू म्हणाल्या, "वरणभात अन् वर तूप. पोट्टी दोन्ही हातानं खाऊन राहिली होती."

झालं. तूप. ड्रायक्लीनिंग म्हणजे कपडा पाण्याऐवजी पेट्रोलसारख्या द्रावणात धुणं. तेल-तूप त्यात हमखास निघतं. शिवाय काळं रेशीम, पाणी लागलं तर रंग सुटायची भीती. माझा निर्णय एका मिनिटात झाला.

सरिता मॅडमनी झबलं टेबलावर पाहिलं आणि म्हणाल्या, "ढोबळेजी, ये दाग गोल-गोल क्यों हैं? जैसे घेरा बना हो।"

मी म्हणालो, "हमारे यहाँ का कपड़ा है मैडम, मैं समझता हूँ।"

वाचणाऱ्या बायकांना एव्हाना डाग कशाचे ते कळलंही असेल. मला नाही कळलं.

झबलं मशीनमधून निघालं. मी स्टीम प्रेस फिरवली आणि उचलली, तर गळ्याशी कापड पापडासारखं कडक आणि चकचकीत झालेलं. डाग गेला नव्हताच, उष्णतेनं वितळून आत बसला होता. तेव्हाच थांबून पुन्हा टेबलावर घ्यायला हवं होतं. पण टेबलाच्या पलीकडे त्या बसल्या होत्या. मी झबलं घडी करून पिशवीत घातलं. घडी अशी घातली की गळा आत जाईल.

आणि आता काकू काउंटरवर उभ्या होत्या. बोरन्हाण दुसऱ्या दिवशी.

"लेकराच्या मानेले टोचंन हे," काकू म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण डोळे भरले होते. "जावई पहिल्यांदा संक्रांतीले येऊन राहिले."

सेठ आतून बाहेर आले. सरिता मॅडम पुढे झाल्या, बाह्या चाचपल्या, कंबर चाचपली आणि विचारलं, "माताजी, बच्ची ने इसके ऊपर पहना क्या था?"

"हलव्याचे दागिने," काकू म्हणाल्या. मग त्यांना कळावं म्हणून, "शक्कर के गहने, बेटा. हार, बाजूबंद, कमरपट्टा. बच्चे को पहनाते हैं हम लोग."

माझे कान तापले. माझ्या आईनं मला ते दागिने घातले होते. माझ्या दोन्ही पोरांचे माझ्या बायकोनं मंद आचेवर हलवा करून स्वतः ओवले होते. पोरगी घामेजली की साखर पाझरते, आणि हार जिथं टेकतो तिथं गोल डाग पडतो. मी पोरीनं काय खाल्लं ते विचारलं. तिनं काय घातलं होतं ते भोपाळच्या बाईनं विचारलं.

"शक्कर है तो पानी से जाएगी," त्या म्हणाल्या.

"रंग छूटेगा," मी म्हणालो. गप्प बसवलं नाही.

त्यांनी पांढरं फडकं ओलं करून आतल्या शिवणीवर दाबून धरलं. फडकं पांढरंच राहिलं. ही परीक्षा शिकाऊ माणूससुद्धा करतो. मी केली नव्हती. मग खाली टॉवेल ठेवून कोमट पाण्याच्या फडक्यानं त्या डाग टिपत गेल्या. घासलं अजिबात नाही. टॉवेल सरकवायचा, पुन्हा टिपायचं. अर्ध्या तासात कापड मऊ झालं. काकू स्टुलावर बसून सगळं बघत होत्या. सेठही हलले नाहीत.

शेवटी झबलं माझ्याकडे देत सरिता मॅडम म्हणाल्या, "प्रेस आप कीजिए ढोबळेजी, आपका हाथ साफ़ है।"

मला तो टोमणा वाटला. तो टोमणा नव्हता, हे मला तेव्हाही माहीत होतं. मी मलमल टाकून उलट्या बाजूनं प्रेस केली.

जाताना काकूंनी त्यांना दुसऱ्या दिवशीचं आमंत्रण दिलं, लेकरांना घेऊन या म्हणाल्या. मला फक्त "येते ढोबळे" म्हणाल्या. आमच्या बोरन्हाणाचं आमंत्रण भोपाळला गेलं, असं मी घरी येऊन बायकोला सांगितलं. तिनं कणीक मळता मळता विचारलं, "बोरन्हाणाले बाप्या माणसांले कोण बोलावते? तुमाले नेमकं झोंबलं काय?"

शंकरनगरची ब्रँच त्यांना मिळाली. सेठनी मला समजावून सांगायचा प्रयत्न केला, मी पेढा तोंडात टाकून मान हलवली.

या धंद्यातला धडा एवढाच. मुलांच्या कपड्यावरचा डाग ओळखायचा तर खाल्लं काय, एवढं विचारून भागत नाही. अंगावर काय होतं, कुणी उचलून घेतलं होतं, कपडा कुठं ठेवला होता, सगळं विचारावं. ज्या घरची रीत आपल्याला पाठ आहे तिथं तर दोनदा विचारावं.

पुढे मी बऱ्याच नवीन माणसांना काम शिकवलं. प्रत्येकाला हे प्रश्न शिकवले आणि माझ्या अनुभवाचे म्हणून शिकवले. एकदा मी असाच सांगत असताना सरिता मॅडम काही कामानं आल्या होत्या. दारात उभ्या राहून त्यांनी सगळं ऐकलं आणि काही न बोलता कपड्यांचा गठ्ठा घेऊन गेल्या. एकदा तरी त्यांनी मला टोकलं असतं, तर त्यांचा राग करायला मला काही कारण तरी मिळालं असतं.