बाचं कागदावरचं वय

गाव सोडलं त्या सकाळी माय आम्हाला नाल्यापर्यंत पोचवायला आली आणि अलीकडच्या काठावरच थांबली. नाल्यापलीकडे येऊन निरोप द्यायचा नसतो, म्हणाली. असा नियम आमच्या गावात खरंच होता, की तिने तो तिथल्या तिथे बनवला, हे मला आजही सांगता येणार नाही. बाच्या खांद्यावर कावड होती. एकीकडे तांदूळ, दुसरीकडे वाळलेली मोहफुलं. माझ्याकडे चौथी पास झाल्याचा दाखला होता, आणि तो भिजू नये म्हणून मी बांबूच्या नळीत घालून घेतला होता. मायने त्या नळीकडे पाहिलं आणि मला म्हणाली, "बाले सांभाळजो. तुले वाचता येते, त्याले नाई."

मुलचेऱ्याकडच्या आमच्या गावाहून आलापल्लीपर्यंत पायी, पुढे सागाच्या ट्रकवर बसून बल्लारशा, मग चांदा आणि शेवटी घुग्घुस. कोळशाच्या खाणीत माणसं घेतात, असं ऐकलं होतं. आम्ही दोघं त्या ऐकीव गोष्टीवर निघालो होतो.

गावात राहिलेल्यांनो, आणि माझ्यामागून इथे आलेल्यांनो, हे तुम्हा सगळ्यांसाठी लिहितोय. आता दर वर्षी धानकापणी झाली की तुमच्यातले चार-सहा जण माझ्या खोलीवर येतात. मी पाळी संपवून आलेला असतो, डोळ्यांत कोळसा, कंबर मोडलेली. तरी तुमचा फंडाचा फॉर्म भरतो. नाव, बापाचं नाव, गाव इथवर सगळं सुरळीत चालतं. वय विचारलं की तुम्ही छताकडे पाहता. मग मी चिडतो, आणि काऊन चिडतोस म्हणून तुम्ही मला हसता. का चिडतो ते आज सांगून टाकतो.

आपल्या गावात वय कोणी मोजत नाही, पण म्हातारपण सगळ्यांना कळतं. पारद झाली, म्हणजे गावाने मिळून शिकार केली, की आधी काढायचा तो म्हाताऱ्यांचा वाटा. ज्याच्याने आता रानात चालवत नाही त्याच्या दारात पळसाच्या पानात बांधलेला वाटा नेऊन ठेवतात. त्याने मागायचा नसतो, आणि ठेवणाऱ्याने बोलून दाखवायचा नसतो. ज्या वर्षी पहिल्यांदा ते पान दारात येतं, त्या वर्षापासून माणूस म्हातारा. त्यात कमीपणा नाही. उलट गोटुलात, गाव बैठकीला जमतं तिथे, त्याच्या शब्दाला वजन येतं.

हेच डोक्यात घेऊन आम्ही खाणीच्या ऑफिसात उभे राहिलो. टेबलामागचा बाबू नागपूरकडचा, माणूस वाईट नव्हता. त्याने फंडाची गोष्ट समजावून सांगितली. दर पगारातून थोडं कापणार, कंपनीही आपलं टाकणार. "म्हातारा झाला का सारं एकदम भेटते," तो म्हणाला. बाने मला गोंडीत विचारलं, हा काय म्हणतो? मी सांगितलं, इथेही म्हाताऱ्यांचा वाटा असतो.

बाचा चेहरा एकदम मोकळा झाला. गाव सोडल्यापासून तो पहिल्यांदाच हसला असेल. तो गोंडीत जे म्हणाला, ते आपल्याकडच्या मराठीत असं होईल: "मंग मले म्हाताराच सांग. वाटा लवकर येईन."

मला ते पटलं. चौथी शिकलेला मी, मला वाटलं आपण फार हुशारी करतोय. मी म्हणालो, "पन्नास लिहा."

बाबूने बाकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "पन्नास? दिसत तं नाई."

"जंगलातली मानसं अशीच राह्यते बाबूजी," मी म्हणालो. बाने अंगठा उठवला आणि खाली साक्षीदार म्हणून मी सही केली. माझ्या आयुष्यातली ती पहिली सही. मी ती वळणदार काढली होती.

बाला तेव्हा चाळीसही झाली नसतील. बांबूला फुलोरा येतो तो माणसाच्या जन्मात एकदा. बा पोरसवदा असताना तो आला होता, आणि त्याला तेव्हा पंचवीसेक वर्षं झाली होती. एवढा हिशेब मला सहज करता आला असता. तो मी केला नाही.

खाणीत बा इतरांच्या दीडपट कोळशाच्या गाड्या भरायचा. रानात फिरलेली छाती होती त्याची. आम्ही कामगारांच्या लाइनीतल्या एका खोलीत राहायचो. गावात सकाळ कोंबड्याने व्हायची, इथे भोंग्याने व्हायला लागली. मी ड्यूटी, पाळी, रजा असे शब्द शिकलो. बाने त्यातला फक्त 'फंड' उचलला, आणि तोही तो देवाचं नाव घ्यावं तसा जपून उच्चारायचा.

मधल्या काळात खाणीचा गोरा साहेब नोकरी संपवून विलायतेला परत गेला. आता त्याचं काय होणार, असं बाने मोडक्यातोडक्या मराठीत बाबूला विचारलं. बाबू म्हणाला, तिकडे म्हाताऱ्यांना सरकार दर आठवड्याला पैसे देतं, पोस्टात जाऊन घ्यायचे. बाने नीट ऐकून घेतलं. "सोता जाऊन आनावं लागते?" त्याने विचारलं. बाबू हो म्हणाला. बा म्हणाला, "बिचारा. घरी आनून देनारं कोनीच नाई त्याले." आम्ही सगळे पोट धरून हसलो होतो.

पाच वर्षांनी फळ्यावर बाचं नाव लागलं. पंचावन्न पूर्ण, उद्यापासून काम बंद. बा गोंधळून गेला. "काऊन? मी काय कमी भरलो?" मी ऑफिसात जाऊन भांडलो. तोच बाबू होता. त्याने रजिस्टर माझ्याकडे फिरवलं आणि माझ्या वळणदार सहीवर बोट ठेवलं. "तूच सांगतलं होतं गा," तो म्हणाला. त्याच्याही आवाजात वाईट वाटल्यासारखं होतं, पण कागद काही बदलला नाही. फंड मिळाला, पण पाच वर्षांचाच. त्यात बैलजोडी आली नाही, एक बैल आला.

तो बैल घेऊन बा गावी परतला. मला एका शब्दाने बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

पहिल्या उन्हाळ्यात पारद झाली तेव्हा त्याच्या दारात पान आलं. कंपनीने म्हातारा ठरवून पाठवलाय, ही बातमी गावात पोचली होती. बाने ते पान परत केलं. तो म्हणाला, मी स्वतः पारदीला गेलो होतो, माझा वाटा मला मिळालाय. हे मला मायने नंतर सांगितलं.

दुसऱ्या उन्हाळ्यात मी रजा काढून गेलो. त्या वर्षी बा पारदीला गेलाच नव्हता, दिवसभर अंगणात बसून होता. संध्याकाळी दारात पान आलं. बाने ते उचललं आणि आत आणलं. "बा, तू म्हातारा नाईस," मी म्हणालो, "ते मी खोटं लिवाले लावलं होतं."

"तुले वाचता येते," बा म्हणाला. "तू लिवलं तं बरोबरच असन."

माय चुलीपाशी होती. तिने मागे वळून पाहिलं नाही.

जेवताना बाने त्या वाट्यातला तुकडा तोडून माझ्या पानात ठेवला. माझा हात पुढे होईना. तो म्हणाला, "खाय ना. त्या साहेबाले आनून देनारं कोनी नोयतं. मले वाटा तू आनून देला."

तो टोमणा नव्हता. बाला टोमणे मारता येत नाहीत. तो खरोखर खूश होता. मी तो घास खाल्ला.

आता घर म्हटलं की मला तो घास आठवतो, आणि रजा मिळाली तरी पाय लवकर उचलत नाहीत. म्हणून माझ्या खोलीवर याल तेव्हा हसू नका. बांबूला फुलोरा आला तेव्हा तुम्ही केवढे होता, तुमचं लग्न त्याच्या आधीचं की नंतरचं, असं मी दहादा विचारीन. दहादा सांगा. खरा आकडा निघेपर्यंत मी सही करत नाही.