उशिरा बसवलेली मेमरी

दादरला एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर दृष्टिहीनांसाठी बोलक्या पुस्तकांचं ग्रंथालय आहे. हौशी माणसं येऊन पुस्तकं वाचून रेकॉर्ड करतात आणि ज्यांना दिसत नाही ते हेडफोन लावून ऐकतात. माझी नोकरी एका कंपनीत सर्व्हर सांभाळायची, त्यामुळे दर शनिवारी तिथला सर्व्हर बघायचं काम आपसूक माझ्याकडे आलं. कुठल्याशा ऑफिसने वापरून देऊन टाकलेलं ते यंत्र. सगळी पुस्तकं त्याच्यातच.

भोईवाड्यातले एक काका तिथे नेमाने यायचे. पूर्वी गिरणीच्या ऑफिसात टायपिस्ट होते. काचबिंदूने दृष्टी गेली ती साठीनंतर. ब्रेल शिकायला बसले होते, पण जमलं नाही. मला म्हणाले, "बोटांका जल्मभर ठोकूक शिकवलंय गो, आता चाचपूक कशी शिकतली?" आणि स्वतःच हसले.

काका एक जाडजूड कादंबरी ऐकत होते. कोकणातली एक विधवा दिरांशी घराच्या वाट्यासाठी भांडते, तिची गोष्ट. पण चार-पाच जण एकदम ऐकायला बसले की सर्व्हर दमायचा. आवाज वाक्याच्या मध्येच तुटायचा, थोडा थांबून भलतीकडेच सुरू व्हायचा. काका हेडफोन कानावरून सरकवून ओरडायचे, "बाय, तुझ्या वाचणारणीक परत उचकी लागली!"

दुखणं साधं होतं. मेमरी पुरत नव्हती. जुन्या सर्व्हरला चालेल अशी रॅम, म्हणजे मेमरीच्या पट्ट्या, बाजारात मिळत होती, बसवायचं कामही फार नव्हतं. मी ग्रंथालयाच्या सेक्रेटरीबाईंना तसं सांगितलं. त्या मनाने चांगल्या, पण त्यांना एका देणगीदाराने अख्खा नवा सर्व्हर कबूल केला होता.

"जुन्यात कशाला जीव अडकवतेस? दिवाळीपर्यंत नवाच येतोय."

दिवाळी झाली, गुढीपाडवा झाला. देणगीदाराच्या ऑफिसातला माणूस बदलला. नव्या माणसाने सगळं पहिल्यापासून विचारायला घेतलं. मी मध्येमध्ये आठवण करत राहिले, बाई "आता इतकं थांबलोय तर" म्हणत राहिल्या. काका तुटलेला भाग मागे नेऊन पुन्हा ऐकायचे, पुन्हा तो तुटायचा. एका बैठकीत जेमतेम दोन-चार पानं पुढे जायची. पुढेपुढे त्यांचं येणं कमी झालं. "मशीन बरा झाला की सांग माका," असं सांगून गेले ते आलेच नाहीत.

शेवटी बाईच एकदा म्हणाल्या, "घाल बाई ती मेमरी." मी लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून रॅम आणली. सर्व्हर बंद करून झाकण काढलं तर आत गोधडीसारखी धूळ. ती साफ केली, जुन्या पट्ट्यांशेजारी नव्या बसवल्या, बटण दाबलं. नुसतंच बीप बीप, स्क्रीन काळी. पुस्तकांची दुसरी कॉपी तर अर्धवटच होती. झाकणाच्या आतल्या बाजूला कुठली पट्टी कुठे हवी त्याचं चित्र होतं. त्याप्रमाणे सगळ्या काढून क्रमाने पुन्हा बसवल्या, तेव्हा कुठे तो उठला. त्या दुपारी सगळे हेडफोन एकदम चालू होते आणि एकदाही आवाज तुटला नाही.

मी लगेच काकांच्या घरी फोन लावला. सुनेने उचलला. "बाबा फोनवर नाही बोलत आता," ती म्हणाली. "ऐकू फार कमी येतं. मशीन घेतलं कानाचं, पण त्यांना नुसता गोंगाट ऐकू येतो. तरी घेऊन येते."

पुढच्या शनिवारी ती त्यांचा हात धरून घेऊन आली. काका उत्साहात होते. मी त्यांना खुर्चीत बसवलं, हेडफोन लावला आणि त्यांचा भाग शोधायला लागले. तेवढ्यात ते मान डोलवत मोठ्याने म्हणाले, "वा! आता एकदम साफ येता!"

मी अजून काही सुरूच केलं नव्हतं.

सून माझ्याकडे बघत राहिली. मी आवाज पुरता वाढवून गोष्ट सुरू केली. काका तसेच मान डोलवत बसले. थोड्या वेळाने त्यांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला आणि तारेवरून बोटं फिरवत राहिले. "उशीर झालो गो," एवढंच म्हणाले. त्या आवाजात राग असता तर मला सोपं गेलं असतं.

नंतर मी छापील पुस्तक मिळवून त्यांच्या घरी गेले. चाळीच्या गॅलरीत त्यांच्या कानाशी तोंड नेऊन निदान शेवटचं प्रकरण तरी वाचून दाखवायला बसले. ओरडून वाचताना गोष्टीतल्या विधवेचं हळू आवाजातलं बोलणंही भांडणासारखं वाटायला लागलं. शेजारची दारं उघडली. काकांना संकोच झाला. "पुरे आता. तिका घर गावला काय, तेवढाच सांग."

"गावला," मी त्यांच्या कानात म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि सुनेला चहा टाकायला सांगितलं. घर तिला कसं मिळालं, त्यासाठी तिने काय काय सोडलं, ते सगळं त्या पानांत होतं. मी पुस्तक मिटून पर्समध्ये ठेवलं आणि चहा घेतला.

सर्व्हर अजून ठणठणीत चालतो. नवा काही आला नाही.