रेझोनेटरचे लांब पाय

आमच्या मलकपेठच्या घरी बेल वाजली की आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "आले, आले!" दार उघडायला ती दुसऱ्या कुणाला जाऊच द्यायची नाही. दोन वर्षांपूर्वी एका तापानं तिचे दोन्ही कान नेले. मग बेल वाजत राहायची आणि आई पोळ्या लाटत राहायची. कानाचं मशीन लावलं तर तिचं डोकं दुखायचं. फोन ओट्याच्या एका टोकाला थरथरायचा आणि आई असायची दुसऱ्या टोकाला, तव्यापाशी.

सगळ्यात वाईट झालं ते खालाच्या बाबतीत. खाला मागच्या गल्लीतली. लहानथोर सगळे तिला खाला, म्हणजे मावशीच म्हणतात. रोज अकराला ती आईकडं यायची आणि भाजी निवडता निवडता दोघींच्या अर्ध्या दख्खनी, अर्ध्या मराठी गप्पा चालायच्या. आईचे कान गेल्यावरही ती यायची, ओठ वाचून आईला तिचं सगळं कळायचं. पण घरात आई एकटीच असताना चार-पाच वेळा बंद गेटवरून परत जावं लागलं, तशी ती यायचीच बंद झाली. आईनं त्याचा भलताच अर्थ काढला. "बहिऱ्या बाईशी कोण डोकं फोडील," असं म्हणून ती एकटीच भाजी निवडायला बसली. मला इतका राग आला! खालाचा, आईचा, त्या बेलचा, सगळ्यांचाच.

रागात माझ्या हातून कामं बरी होतात. गेटवर बटणांचा एक डबा आणि स्वयंपाकघरात दिव्यांची एक पाटी, असं मी ठरवलं. प्रत्येकाचं बटण वेगळं. जो दाबेल त्याचं नाव पाटीवर. बाबा म्हणाले, "नुसता लाल दिवा लाव की." तो लावून झाला होता, आणि आईनं दोन दिवसांत त्याच्यावर फडकं टाकलं होतं. कोण आलंय ते कळत नाही, मग कुणासाठीही पिठाच्या हातानं पळू का, असं तिचं म्हणणं.

बाबांचं गौलीगुड्यात टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. हात थरथरायला लागले तेव्हा त्यांनी शटर ओढलं आणि सोल्डरिंगला पुन्हा म्हणून हात लावला नाही. मी काम करत बसले की ते पेपर घेऊन दुसऱ्या खोलीत जायचे.

दोन्ही डब्यांत एकेक मायक्रोकंट्रोलर बसवला, म्हणजे बोटाच्या पेराएवढी चिप. गेटवरची चिप तारेतून अक्षरं पाठवणार, आतली ती वाचून दिवे लावणार. पहिली चाचणी म्हणून मी "जय भीम" पाठवलं. सकाळी आठ वाजता, ओट्यावरच्या भिंतीवर, लख्ख "जय भीम"! मी नाचले. आईनंही उलथन्यासकट हात जोडून पाटीला जय भीम घातला.

अकरा वाजता पाटीवर नुसता कचरा. अर्धी अक्षरं, सुटे ठिपके, काहीच्या काही. दुपारी पुन्हा सगळं ठीक! मी तार बदलली, पाटी बदलली, तीन रविवार घालवले. चौथ्या रविवारी डोक्यात प्रकाश पडला: आईनं तवा ठेवला की हे सुरू होतं. चिपच्या पोटात एक घड्याळ असतं आणि उष्णतेनं त्याची चाल बदलते. दोन चिपांची चाल जुळली तरच एकीचं बोलणं दुसरीला कळतं. ओट्यावरची तापून भरकटत होती, आणि खालाची वेळ नेमकी तव्याची!

उपाय होता सिरॅमिक रेझोनेटर. हरभऱ्याच्या डाळीएवढा तपकिरी तुकडा, त्याला तीन पाय: कडेचे दोन चिपला, मधला ग्राउंडला, म्हणजे वीज परत जाते त्या तारेला. तो बाहेरून चिपला ठोके देतो आणि तव्याच्या झळीनं सहसा ढळत नाही. मी दोन घेऊन आले. जोडायला बसले तर बाबा पेपर ठेवून शेजारी येऊन बसले. किती दिवसांनी! मी मान खाली घालून तार सोलत राहिले, वर पाहिलं असतं तर ते उठून गेले असते.

"पाय कापू नको गं," ते म्हणाले. "उद्या काढायचा झाला तर? पुन्हा कुठं लागंल."

दुकानात त्यांनी कधी कुठला सुटा भाग वाया घालवला नव्हता. मी त्यांचं ऐकलं, पाय लांबच ठेवले, आणि चिपला प्रोग्राममधून सांगितलं की आतलं घड्याळ सोड, बाहेरचं धर.

तर काय! कधी चालू व्हायचं, कधी नाही. बोट जवळ नेलं की बंद पडायचं. मी पक्कड आपटली आणि म्हणाले, खड्ड्यात जाऊ दे सगळं. बाबा उठून आत गेले. मला वाटलं, रुसले.

ते आले ते जुन्या रिमोटांनी भरलेला पत्र्याचा डबा घेऊन. एक माझ्या हातात देऊन म्हणाले, "उघड. रिमोट खाली पडला की आतला हाच मरतो. लई बदललेत मी." मी उघडला. आत तसलाच तुकडा, दोन पायांचा, बोर्डाला अगदी खेटून बसवलेला. पाय दिसतच नव्हते.

बाबा त्याच्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "घोळ माझाच आहे. हे लई जलद धडधडतं, त्याला लांब पाय चालत नसतील. काप."

मी पक्कड उचलली, तर त्यांनी ती माझ्या हातातून घेतली. रेझोनेटर काढून मी बोर्ड घट्ट धरला. "हल्लू, हल्लू," ते स्वतःच्या हाताला बजावत होते. तिन्ही पाय कापले, चिपच्या अगदी जवळ तो बसवला आणि सोल्डरचे तिन्ही टाके त्यांनी स्वतः मारले. टाके काही सुबक नव्हते, पण पक्के होते. गेटच्या डब्याचंही तसंच केलं. मी बोट जवळ नेलं, हलवलं, टेकवलं. "जय भीम" जागचं हललं नाही! मी किंचाळले. आईला पत्ताच नाही, ती वांगी चिरत होती.

पुढच्या रविवारी आईनं तवा ठेवला तशी मी धावत खालाकडं गेले. "खाला, चलो ना, एक बटन दबाना है."

"क्या फायदा बेटा? तुम्हारी अम्मी खोलतेच नै."

"आज खोलते. नै खोले तो मैं फिर कभी नै बुलाती."

बोलून गेले आणि तिचा हात धरून निघाले.

गेटवर आलो. निळी पट्टी लावलेलं बटण खालाचं. तिनं दाबलं. इथून पाटी दिसत नव्हती. घरातून काही हालचाल नाही. आत बाबा होते, पण आईला काही सांगायचं नाही असं आमचं ठरलं होतं. खालानं माझ्याकडं पाहिलं. बटणावरचं बोट तिनं अजून काढलं नव्हतं.

आणि मग आतून, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा, दोन वर्षांत न ऐकलेला आवाज आला:

"आले, आले! खाला, जाओ नक्को, आले!"