बुडबुडा येत नाही तेव्हा

आमच्या भाडेकरू गटाच्या सभांना लोक यायचे, भाषण ऐकायचे आणि लगेच निघून जायचे. ओल्या भिंतींबद्दल कुणी तोंड उघडायचं नाही, कारण घरमालकाच्या कानावर जाईल ही भीती. लोकांना थोडं थांबवायचं तर हातात काहीतरी हवं. म्हणून मी पत्रकात छापून टाकलं: पुढच्या सभेनंतर घरी केलेली बिअर, फुकट. तोवर मी आयुष्यात बिअर केली नव्हती.

न्यूझीलंडमधल्या अप्पर हटच्या आमच्या भाड्याच्या घरात तेव्हा बाबा पुण्याहून आलेले होते. पंपांच्या कारखान्यातून रिटायर झालेला माणूस. मी आणलेल्या बिअरच्या किटमधला प्लास्टिकचा ड्रम बघून म्हणाले, "दारू गाळायला एवढ्या लांब आलीस होय?" पण झाकणातल्या एअरलॉकपाशी त्यांची नजर अडकली. वाकडी पारदर्शक नळी, तिच्यात थोडं पाणी. आतला वायू पाण्यातून बुडबुडा होऊन बाहेर पडतो, बाहेरची हवा मात्र आत शिरत नाही.

"कुणी काढलं हे? हुशार आहे," ते म्हणाले आणि खुर्ची ओढून समोर बसले.

बुडबुडा आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. किटमधल्या कागदावर लिहिलेलं, बुडबुडे दिसले म्हणजे सगळं ठीक. न दिसले तर काय, याबद्दल अक्षर नाही. मी पत्रकं लिहिते म्हणून सांगते, सगळं सुरळीत झालं तर काय होईल एवढंच सांगणारा कागद ही नुसती जाहिरात असते. दुकानाने शिळं यीस्ट गळ्यात मारलं असणार, असं धरून मी तक्रारीचा खरमरीत ईमेल लिहायला घेतला.

"यीस्टचा काय दोष? तुझं घर बघ, फ्रिजसुद्धा याच्यापेक्षा गरम असेल," बाबा म्हणाले आणि स्वतःची गोधडी ड्रमला गुंडाळून आले. रात्री स्वेटरवर स्वेटर घालून झोपले. तरी नळीतलं पाणी ढिम्म.

"ओतून टाकते सिंकमध्ये," मी म्हटलं.

"आणि पत्रकाचं काय? फुकट म्हणून छापलंयस ना?"

मी ड्रमजवळ जाऊन वाकले तर आंबल्याचा वास आला. छान, ब्रेडसारखा. आत काही घडत नसेल तर वास कुठून येतोय? आणि बंद झाकणातून बाहेर कसा येतोय? मला एकदम पुण्यातला नवा सिलिंडर आठवला. रेग्युलेटर बसवला की आई साबणाचा फेस लावून गॅस गळतोय का बघायची.

"बाबा, साबण लावून बघू?"

"नळी जिथे झाकणात शिरते तिथे गळत असणार. लाव पैज."

भांडी घासायच्या लिक्विडचा फेस मी झाकणाला कडेकडेने लावला. नळीपाशी काही नाही. पलीकडच्या बाजूला मात्र फेसाचा फुगा फुगला, फुटला, पुन्हा फुगला. आम्ही दोघं गुडघ्यांवर बसून तो बघत राहिलो.

फेस पुसून, हात धुऊन झाकण उघडलं. मी ते इतकं आवळलेलं की रबरी रिंग एका जागी दुमडली होती.

"एवढा जोर लावायला मोर्चा नाहीये हा, झाकण आहे," बाबा म्हणाले.

रिंग सरळ करून बेताने फिरवलं. चहा होईपर्यंत नळीतलं पाणी एका बाजूला चढलं आणि गुडुक करून पहिला बुडबुडा बाहेर पडला.

पण मधल्या वेळात बिघडली असेल तर? थोडी काढून हायड्रोमीटर सोडला. आतली साखर संपत जाते तशी ही काचेची कांडी द्रवात खोल जाते. ती पहिल्या दिवसापेक्षा बरीच खाली गेली. म्हणजे सगळा वेळ काम चालूच होतं आणि वायू चुकीच्या दाराने बाहेर जात होता. तो बाहेर पडत होता म्हणूनच हवा आत आली नव्हती. ईमेल मी पाठवला नाही. किटच्या कागदाबद्दल मात्र माझं मत तेच आहे.

सभेच्या दिवशी बाटल्या उघडल्या, फेस आला, थोडी कडवट होती. भाषण संपलं तरी कुणी उठलं नाही. मागच्या प्रत्येक सभेत गप्प बसून गेलेला बस ड्रायव्हर ग्लास भरून घेऊन माझ्याजवळ आला. "ढीगभर बुरशी आहे आमच्याकडे," तो इंग्रजीत म्हणाला, "मुलीच्या खोलीत, पलंगामागे." शेजारची बाई वळून म्हणाली, "तुमच्याकडेही?"

मी सरकून दोघांना जागा करून दिली.